तिसरी पिन कुठे गेली?

भिलाईजवळच्या हथखोजच्या जड औद्योगिक क्षेत्रात विजेला मान आहे. पोलाद कापणाऱ्या, जोडणाऱ्या, ओतणाऱ्या शेडमध्ये मोटारीच्या अंगाला जाड जस्ती पट्टी जोडलेली असते आणि ती जमिनीत उतरलेली असते. पॅनेलसमोर रबरी चटई असते, दारावर कवटी-हाडांची पाटी असते. दुरुस्तीला हात घालण्याआधी स्विच पाडायचा आणि त्याला टाळं लावायचं, असा नियम असतो. हे सगळं सगळीकडे, रोज पाळलं जातं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नियम आहे, तो तपासायला विद्युत निरीक्षक आहे आणि काही घडलं तर जाब कुणाला विचारायचा हे ठरलेलं आहे.

पाळी संपली की तिथलाच कामगार खुर्सीपार, चरोदा नाहीतर भिलाई-३ कडच्या भाड्याच्या खोलीवर येतो. थंडीतल्या पहाटे तिथे बादलीत हीटरची रॉड सोडलेली असते. शेजारी चिनी मातीच्या पाटावरच्या खाचेत वेटोळी घालून बसलेल्या तारेची शेगडी लाल झालेली असते. इकडे तिला नुसतं ‘हीटर’ म्हणतात. दोन्हींच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलेल्या. बोर्डाला भोकं तीन आणि प्लगला पिना दोन. कधी प्लगही नसतो. वायरीची सोललेली टोकं भोकात घालून ती काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली असतात.

भिलाईत हे दृश्य जास्त खटकतं, कारण हे गावच विजेवर आणि आगीवर उभं राहिलेलं आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावर इथल्या एका स्टेशनाचं नावच ‘भिलाई पॉवर हाऊस’ आहे. भंडारा, गोंदिया, नागपूरकडची मराठी माणसं याच मार्गाने इकडे आली आणि राहिली. १९५६ पर्यंत दुर्ग आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, त्यामुळे त्यांना हा परका मुलूख वाटला नाही. टाउनशिपमध्ये वीज वाटण्याचा परवाना आजही भिलाई इस्पात संयंत्राकडेच आहे. देशभरातल्या कोळसा-पोलादाच्या वसाहतींत वीज हाताशी आणि स्वस्त, तर गॅस सिलिंडरला रांग, अशी बरीच वर्षं गेली. तारेची शेगडी तेव्हा स्वयंपाकघरात शिरली आणि गॅस आल्यावरही पुरती बाहेर पडली नाही.

संयंत्रात १२ जून २०१४ रोजी विषारी वायूची गळती झाली आणि ६ जणांचा जीव गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीत स्फोट झाला. दोन्ही वेळा देशभर बातम्या झाल्या, चौकश्या बसल्या, अधिकाऱ्यांना जबाब द्यावे लागले. न्हाणीघरातल्या रॉडने माणूस गेला तर आतल्या पानावर चार ओळी येतात. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या वापरातून झालेल्या मृत्यूचीही खबर द्यावी लागते आणि चौकशी करता येते. पण घरातल्या मृत्यूत पंचनामा बहुतेक ‘आकस्मिक’ या शब्दावर थांबतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२१ साली विजेच्या धक्क्याने गेलेल्यांची संख्या साडेबारा हजारांच्या वर आहे. त्यात शेतात तुटून पडलेली तार किती, छतावरून गेलेली लाइन किती आणि स्वयंपाकघर किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. जे वेगळं मोजलं जात नाही, त्याच्यासाठी वेगळी तरतूदही होत नाही.

आता त्या तापणाऱ्या वस्तूकडे जवळून पाहू. १९०५ च्या सुमारास अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू केला. त्याची तार लाल होते पण जळून तुटत नाही, कारण तिच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते आणि आतला धातू झाकून ठेवते. आपण जिला नायक्रोम म्हणतो ती हीच. टोस्टर, तारेची शेगडी, केटल, गिझर, ओव्हन, राइस कुकर, इस्त्री अशा सगळ्यांच्या पोटात ती असते. फरक एवढाच की काहींत ती उघडी असते आणि काहींत नळीत झाकलेली.

उघड्या तारेबद्दल फार बोलायला नको. शेगडीवर दूध उतू गेलं, किंवा पातेल्याचं बूड ठेचून तारेला टेकलं, की पातेलं म्हणजेच तार. त्यात स्टीलचा डाव घालून ढवळणारा हात थेट २३० व्होल्टला लागतो. ‘मी बटण बंद करून ढवळते’ असं सांगणाऱ्या बायका भेटतात आणि त्यांचं म्हणणं वरवर बरोबर वाटतं. पण बोर्डावरचं बटण एकच वायर तोडतं. दोन पिनांचा प्लग उलटा बसला किंवा बोर्डाच्या मागे फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, तर बटण न्यूट्रल तोडतं. तार थंड होते, पण फेज तिच्यावर तसाच उभा असतो. टोस्टरमध्ये अडकलेला पाव सुरीने काढायचा तर प्लग बाहेर काढावा लागतो तो याचसाठी.

झाकलेल्या तारेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. दुरुस्तीच्या टपरीवर जळकी रॉड मागून घ्या आणि करवतीने कापून बघा. बाहेर तांब्याची किंवा स्टीलची नळी, मधोमध स्प्रिंगसारखी नायक्रोमची तार, आणि दोन्हींच्या मध्ये खडूसारखी पांढरी, घट्ट दाबलेली भुकटी. ती मॅग्नेशियम ऑक्साइडची. उष्णता बाहेर जाऊ द्यायची आणि वीज आत अडवायची, ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारे पदार्थ थोडे असतात, त्यातलाच हा. नळीच्या टोकांना रेझिनने किंवा सिलिकोनने बुच मारलेलं असतं. सगळी भिस्त त्या बुचावर.

कारण ही भुकटी पाणी ओढते. बुचाला बारीक तडा गेला की पावसाळ्यातली नुसती हवाही पुरते. जूनमध्ये माळ्यावर टाकलेली रॉड नोव्हेंबरात काढली, चार महिने पडून असलेला ओव्हन दिवाळीत नानकटाईसाठी लावला, की पहिल्या दिवशी चटका बसतो. विजेचा. मिस्त्री म्हणतो, ‘थोडा वेळ चालू ठेवा, ओल मारली आहे, सुकेल.’ तो खोटं बोलत नसतो. तार तापली की ओल खरंच उडते, गळती थांबते आणि दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. इथेच घात आहे. घरचे समजतात की दुरुस्त झालं. बुचाला पडलेली भेग मात्र तिथेच असते.

केटल-गिझरच्या एलिमेंटवर कठीण पाण्याचा क्षार बसतो. उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही, नळी आतून जास्त तापते आणि एक दिवस फुटते. मग नायक्रोम सरळ पाण्यात. रॉडच्या काळ्या टोपीखाली पाण्याच्या पातळीची खूण असते. पाणी तिच्या खाली असलं तर नळी कोरडी तापते, वर गेलं तर टोपीत पाणी शिरतं आणि वायरीची जोडणीच भिजते. ही खूण वाचून रॉड लावणारं घर शोधून काढावं लागेल.

प्लास्टिकची बादली वापरली म्हणजे भीती नाही, असा एक समज आहे. प्लास्टिकची बादली पाण्याला जमिनीपासून तोडते, तेवढंच. पाणी फेजवर गेलेलं असतं आणि ते तसंच राहतं. ‘तापलं का’ म्हणून बोट बुडवणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. वाट त्याच्या अंगातून पूर्ण होते.

किती करंट जातो? ओल्या हातापायांनी शरीराचा रोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा: ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिलं होतं की किती करंटपर्यंत हातातली तार सोडता येते. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपियर निघाली, बायकांची साडेदहा. त्यापुढे मूठ आपोआप आवळली जाते आणि सुटत नाही. ‘चिकटला’ असं आपण म्हणतो ते हेच. त्याहून वर, शंभर मिलिअँपियरच्या आसपास, काही क्षणांत हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

मग फ्यूज का उडत नाही? कारण दीड हजार वॉटची रॉड स्वतःच साडेसहा अँपियर ओढते आणि त्यासाठी फ्यूजच्या जागी बसवलेला एमसीबी १६ अँपियरचा असतो. त्याच्या हिशेबी माणसाच्या अंगातून जाणारा पाव अँपियर म्हणजे किरकोळ वाढीव वापर. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसासाठी तो नाही. पाच रुपयांचं बटण विकणाऱ्यालाही हे माहीत असतं, गिऱ्हाइकाला मात्र कुणी सांगत नाही. ‘एमसीबी बसवलाय, आता काळजी नाही’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे.

माणसासाठी दोन गोष्टी असतात, आणि पहिली म्हणजे ती तिसरी पिन. प्लगमध्ये ती सगळ्यांत जाड आणि लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग घालताना आधी तीच जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. उपकरणाच्या धातूच्या अंगाला हिरवी वायर, हिरव्या वायरीला ही पिन, आणि पुढे जमिनीत गाडलेला पाइप. आत गळती झाली तर वीज माणसाऐवजी त्या वाटेने जाते. भारतीय मानकाप्रमाणे अर्थिंग लागणाऱ्या, हाताळायच्या उपकरणाची गळती ०.७५ मिलिअँपियरच्या आत हवी. नवं उपकरण धड असतं. अर्थिंग असतं ते त्याच्या म्हातारपणासाठी.

आणि नेमकी तीच पिन जाते. बोर्ड दोन पिनांचा निघतो म्हणून पक्कडीने तोडली जाते. प्लग जळाला म्हणून दुकानातून दोन पिनांचा आणला जातो आणि हिरवी वायर मागे दुमडून त्यावर टेप गुंडाळली जाते. घरमालकाने खोल्या वाढवताना फेज-न्यूट्रल ओढले आणि हिरव्या वायरीचे पैसे वाचवले, तर तीन भोकांचा बोर्डही नुसता देखावा असतो. तिसऱ्या भोकाच्या मागे काहीच नसतं. घरातली बाई मग आपली सोय लावते. ज्या घरात स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, तिथेही ओव्हनपाशी रबरी स्लीपरचा एक जोड ठेवलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या एका घरी पाटावर उभं राहून केटल लावत. चटका बसतो हे सगळ्यांना ठाऊक, त्याला नाव ‘झिणझिण्या’.

याहून वाईट प्रकार शहाण्या मिस्त्रीचा. अर्थिंग नाही, पण गिऱ्हाइकाला तीन पिनांचं कनेक्शन हवं आहे. मग तो सॉकेटच्या मागे अर्थाच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत वायरीचा छोटा तुकडा टाकतो. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. झिणझिण्याही बंद होतात. पण उन्हाळी वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला, किंवा मीटरपाशी तो सैल झाला, की फेज त्या घरातल्या बल्ब-पंख्यांतून फिरून त्या तुकड्यावाटे प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर येतो. फ्रिज, ओव्हन, केटल, सगळं एकदम. बिघाड नसलेली उपकरणंसुद्धा. अर्थिंग नसलेलं घर एक वेळ परवडलं, हे नको. असा तुकडा टाकणाऱ्या मिस्त्रीला पुन्हा दारात उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जमिनीचाही प्रश्न आहे. छत्तीसगढी शेतकरी माती ओळखतो: कन्हार, डोरसा, मटासी, भाटा. कन्हार काळी, ओल धरणारी. भाटा मुरमाड, लाल, माथ्यावरची आणि कोरडी. तोच पाइप कन्हारात चांगलं अर्थिंग देतो आणि भाट्यात मे महिन्यात जवळजवळ निरुपयोगी होतो. म्हणून कोळसा-मीठ घालतात आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओततात. कारखान्यात ते ओतायला माणूस नेमलेला असतो. चाळीत तो खड्डा कुठे आहे हेसुद्धा भाडेकरूला माहीत नसतं. आणि अर्थिंग बऱ्यापैकी असलं, समजा पाच ओहम, तरी त्यातून चाळीस-पंचेचाळीस अँपियरच वाहील. तेवढ्याने १६ चा एमसीबी लगेच पडेलच असं नाही. मधले काही सेकंद उपकरणाचा पत्रा जिवंतच असतो.

म्हणून दुसरी गोष्ट, आरसीसीबी. जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम साधं आहे: फेजमधून जेवढं गेलं तेवढंच न्यूट्रलमधून परत आलं की नाही, हे तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपियरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज कुठल्या तरी तिसऱ्याच वाटेने गेली, की सेकंदाच्या लहानशा अंशात पुरवठा तोडतो. डालझील यांनीच १९६१ मध्ये याचं पाच मिलिअँपियरला तुटणारं रूप बनवलं आणि १९८७ पासून अमेरिकेच्या वीज संहितेने स्वयंपाकघरात सिंकजवळच्या सॉकेटना ते सक्तीचं केलं. तिसरी पिन तुटलेली असली तरी आरसीसीबी काम करतो, हे महत्त्वाचं. माणसाला धक्का बसतो, पण तो चिकटून राहत नाही. अर्थ आणि न्यूट्रल जोडणारा तो शहाणा तुकडा मात्र त्यालाही आंधळा करतो, कारण गळलेली वीज न्यूट्रलमधूनच परत येते आणि हिशेब जुळतो.

ब्राझीलमध्ये घरोघरी शॉवरच्या तोटीतच पाणी तापवतात आणि त्यातल्या बऱ्याच तोट्यांत तार उघडी, थेट पाण्यात असते. आपल्याला ऐकूनच धडकी भरावी. तिथे २००६ मध्ये कायदा क्रमांक ११.३३७ आला आणि नव्या इमारतींना अर्थिंग बंधनकारक झालं. उपकरण लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे, ते जाणार नाही, मग निदान भोवतालचं वायरिंग सुधारा, असा तो विचार होता.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. इमर्शन हीटर, इलेक्ट्रिक शेगडी, इस्त्री, गिझर यांना २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने आयएसआय चिन्ह सक्तीचं केलेलं आहे. तरी बाजाराच्या दिवशी गोणपाटावर बिनचिन्हाच्या रॉड उघडपणे विकल्या जातात. आणि आरसीसीबीबद्दल केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम सांगतात की घरगुती जोडणीला ३० मिलिअँपियरचं गळतीरोधक उपकरण हवं. मात्र २५० व्होल्टपर्यंतच्या, २ किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळलेल्या आहेत. पूर्वी ही मर्यादा ५ किलोवॉट होती, म्हणजे पाऊल योग्य दिशेने पडलं.

पण २ किलोवॉटखाली कोण राहतं? बंगलेवाला नाही. छत्तीसगढची गरिबांसाठीची एकल बत्ती जोडणी घेतलेलं घर राहतं, एक किलोवॉटवर चाललेली भाड्याची खोली राहते, अंगणवाडीशेजारची चहाची टपरी राहते. गिझर परवडत नाही म्हणून रॉड, सिलिंडर लवकर संपतो म्हणून तारेची शेगडी. उघडी तार आणि ओली फरशी जिथे हमखास एकत्र येतात, बरोबर तिथेच नियमाने हात काढून घेतला आहे. वर गंमत अशी की दीड हजार वॉटची रॉड आणि हजार वॉटची शेगडी एकदम लागली की ती खोली प्रत्यक्षात २ किलोवॉटच्या वर गेलेलीच असते. कागदावर मात्र भार तोच, जुना.

यावर ठरलेलं उत्तर येतं: खर्च. दोन पोलचा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बाजारात साधारण दीड-दोन हजारांना मिळतो. चारशे-पाचशेची रॉड विकत घेणाऱ्याला तो जडच आहे, हे खरं. पण मीटर, सर्व्हिस वायर आणि कटआउट हे सारं वीज कंपनी नव्या जोडणीबरोबर देते. त्याच पेटीत हे एक उपकरण बसवायचं म्हटलं, लाखोंच्या संख्येने खरेदी केलं, तर त्याची किंमत आजची राहणार नाही. एलईडी दिव्यांच्या बाबतीत सरकारी घाऊक खरेदीने भाव कसे खाली आले, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी सारखा पडतो, ही तक्रारही खरी आहे. दोन खोल्यांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात, कुठे ओल असते. तेव्हा मिस्त्री दोष शोधायचे पैसे मागतो आणि आरसीसीबी काढून टाकायचे मागत नाही. घरमालक दुसरा पर्याय निवडतो. सारखा पडणारा आरसीसीबी खराब असतो असं नाही. बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

दोन किलोवॉटखालची सूट काढून टाकावी, आणि भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग व आरसीसीबी असल्याचा दाखला घरमालकाकडून घ्यावा, ही मागणी छत्तीसगढच्या आणि महाराष्ट्राच्याही ऊर्जा खात्याकडे करायला हवी. कामगार संघटनांनी ती कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून उचलावी. भिलाईत संघटना कमी नाहीत.

तोवर वाचकाला एवढंच सांगणं. घरात आरसीसीबी असेल तर त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबून पाहा. वीज गेली नाही तर तो मेलेला आहे, बदला. रॉड घेताना आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा. कुणी चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि कुणाला तरी ११२ लावायला सांगा. आणि थंडीच्या दिवसांत एवढं लक्षात ठेवा. रॉड बादलीत असेल तेव्हा आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्यात हात. मुलांनाही हाच क्रम शिकवा.